आमच्या काजळीचा हिशेब द्या

बडोदे शहराची हवा, विश्वामित्री नदी आणि सार्वजनिक जमीन यांची राखण ज्यांच्याकडे सोपवलेली आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांस व लोकप्रतिनिधींस,

स. न. वि. वि.

या पत्राची गुजराती प्रत मी आपल्या कार्यालयात देऊन तिची पोच घेतली आहे. तेच पत्र मराठीत आणि सर्वांसमोर लिहिते आहे ते अशासाठी की, दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर आणि मांजलपूर इथल्या ज्या घरांत माझे आयुष्य गेले, तिथल्या माणसांनाही हवेतल्या आणि गाळातल्या काजळीच्या विषाचा हा विषय कळावा आणि आपण जे उत्तर द्याल ते एकट्या माझ्या टपालपेटीत न पडता सर्वांना वाचता यावे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळी कांसेतून, म्हणजे पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्यातून, उपसलेल्या गाळाचे अकरा डंपर रिकामे झाले. गाळ काळा होता, त्यावर पाणी पडले की रंगीत तवंग येत होता, आणि ऊन चढले की जळके डिझेल आणि डांबरगोळी यांचा मिळून येतो तसा वास सुटत होता. हा वास मी ओळखते. एका उद्योगाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे मी तेलाचे, काजळीचे आणि सांडपाण्याचे नमुने तपासले आहेत. आठवडाभरात तो गाळ सपाट करण्यात आला, त्यावर मातीचा पातळ थर पसरण्यात आला, आणि आता संध्याकाळी तिथे मुले क्रिकेट खेळतात, पडतात, गुडघे खरचटून घेतात आणि हात न धुताच घरी येऊन खायला बसतात.

मी माहितीच्या अधिकाराखाली तीन प्रश्न विचारले. हा गाळ इथे टाकण्यापूर्वी त्यातील बहुचक्रीय अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बनांची तपासणी झाली होती का? गेल्या वर्षभरात शहरातल्या कोणत्या केंद्रावर किती दिवस हवेतील बेन्झो-ए-पायरीन (त्यांतलाच एक पदार्थ) मोजले गेले आणि त्याची वार्षिक सरासरी किती आली? उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल किती जणांना दंड झाला? उत्तर एका पानाचे आले, ते असे: गाळ निरुपद्रवी असल्याने तपासणीचा प्रश्न उद्भवत नाही. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बहुतेक दिवस ‘समाधानकारक’ किंवा ‘मध्यम’ श्रेणीत आहे. तिसरा प्रश्न दुसऱ्या विभागाशी संबंधित आहे. हे उत्तर कोणत्या कार्यालयाने दिले ते मी इथे सांगत नाही, कारण माझे भांडण त्यावर सही करणाऱ्या माणसाशी नाही. मी मोजमापाविषयी विचारले आणि मला श्रेणी कळवण्यात आली, हे मात्र मला निमूटपणे स्वीकारता येत नाही.

ज्यांना हे लांबलचक नाव परके वाटेल त्यांनी आपल्या आईची पत्र्याची पेटी आठवावी. लोकरीच्या कपड्यांत ठेवायची डांबरगोळी म्हणजे नॅफ्थॅलीन. बेन्झिनची दोन कडी एकमेकांना चिकटून झालेला हा पदार्थ म्हणजे या कुटुंबातला सर्वांत लहान सदस्य. अशी तीन, चार, पाच, सहा कडी जोडली जातात तेव्हा पदार्थ जड होत जातो, हवेत वाफ होऊन राहण्याऐवजी काजळीच्या कणाला धरून बसतो आणि त्या कणाबरोबर फुप्फुसात खोलवर पोहोचतो. लाकूड, कोळसा, डिझेल, टायर, प्लॅस्टिक, पालापाचोळा, काहीही अपुऱ्या हवेत अर्धवट जळले की हे पदार्थ तयार होतात; कच्च्या तेलात आणि दगडी कोळशाच्या डांबरात ते मुळातच असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने यांपैकी १६ पदार्थ प्राधान्याने मोजण्यासाठी निवडले, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही बहुधा तीच यादी समोर ठेवून काम करतात. त्यातले पाच कड्यांचे बेन्झो-ए-पायरीन हे सर्वांत कुप्रसिद्ध. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे निश्चित ठरलेल्या पदार्थांत ठेवले आहे.

या ज्ञानाला अडीचशे वर्षे झाली. लंडनच्या धुराड्यांत उतरून काजळी खरवडणाऱ्या मुलांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ साली लिहून ठेवले. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला महिनोन् महिने डांबर लावून तिथे कर्करोग उत्पन्न होतो हे दाखवले, आणि १९३३ साली डांबरातून बेन्झो-ए-पायरीन वेगळे काढून दोषी पदार्थाचे नावही सांगण्यात आले.

माझे वडील प्रतापनगरहून डभोईकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर वाफेच्या इंजिनाचे फायरमन होते. ड्यूटीवरून आले की त्यांच्या मानेच्या वळ्यांत आणि नखांच्या कडांत काळी रेघ असे, ती साबणाने जात नसे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत असे आणि ते पाणी तुळशीला तर सोडाच, मागच्या केळीलाही घालू देत नसे; तिला रसायनशास्त्र येत नव्हते, पण काय कुठे ओतू नये याची समज होती. वडील वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. ते विड्याही ओढत. एका माणसाच्या आजाराचे बोट एका कारणावर ठेवता येत नाही हे मला माझ्या व्यवसायाने शिकवले आहे आणि मी तसे करणार नाही. परंतु त्यांनी जन्मभर किती काजळी श्वासात घेतली हे कोणी कधी मोजलेच नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारण्याचा हक्कही आमच्याकडे उरला नाही. माझ्या सोसायटीतल्या मुलांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी हे सर्व लिहिते आहे.

आता तक्रारींकडे येते. पहिली आणि सर्वांत मूलभूत तक्रार हवेच्या निर्देशांकाविषयी आहे. १८ नोव्हेंबर २००९ रोजी देशाची हवेची राष्ट्रीय मानके अधिसूचित झाली. त्यांत १२ प्रदूषके आहेत आणि त्यांत बेन्झो-ए-पायरीन नावानिशी आहे: एका घनमीटर हवेत वार्षिक सरासरी १ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग, यापेक्षा अधिक नको. चौकाचौकांतल्या फलकांवर आणि मोबाइलवर दिसणारा निर्देशांक मात्र ८ प्रदूषकांवरच बेतलेला आहे. बेन्झिन, बेन्झो-ए-पायरीन, आर्सेनिक आणि निकेल ही चार नावे त्यात नाहीत. इतकेच काय, ८ पैकी कोणत्याही तिघांची मोजणी असली आणि त्यात धूलिकणांचा एक आकडा असला तरी निर्देशांक काढता येतो. तेव्हा निर्देशांक ‘समाधानकारक’ आहे या वाक्यातून काजळीतल्या विषाबद्दल काहीही कळत नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला हे उत्तर देणे म्हणजे रक्तातली साखर विचारणाऱ्याला ताप नसल्याचे सांगणे आहे.

यात स्वयंचलित केंद्रांचा दोष नाही. ती केंद्रे हा पदार्थ मोजूच शकत नाहीत. त्यासाठी पंपाने चोवीस तास हवा ओढून काचतंतूंच्या किंवा क्वार्ट्झच्या गाळणीवर कण पकडावे लागतात. ती गाळणी उजेडापासून आणि उष्णतेपासून जपून प्रयोगशाळेत न्यावी लागते, कारण सूर्यप्रकाशात आणि ओझोनमध्ये बेन्झो-ए-पायरीन टिकत नाही. मग द्रावकात ते उतरवून घेणे, अर्क आटवणे, सिलिकाच्या नळीतून स्वच्छ करणे आणि शेवटी क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, एकेका पदार्थाचे आलेखातले शिखर ओळखणे. एका नमुन्याला दोन दिवस सहज जातात. हे कष्टाचे काम आहे, म्हणूनच ते टाळले जाते, हे मी समजू शकते. पण मानकाच्याच तळटीपेत लिहिले आहे की वार्षिक सरासरी सांगायची तर एका जागी आठवड्यातून दोनदा, समान अंतराने, वर्षात किमान १०४ मोजण्या झालेल्या असाव्यात. मी विचारलेला प्रश्न या १०४ चा होता. त्या झाल्या असतील तर आकडे द्या, आणि झाल्या नसतील तर तसे सरळ लिहा.

१ नॅनोग्रॅम ही मर्यादा निर्धोक आहे असेही कोणी समजू नये. या पदार्थाला सुरक्षित अशी खालची पातळीच ठरवता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. तिच्या अंदाजाप्रमाणे जन्मभर १ नॅनोग्रॅमच्या हवेत राहिलेल्या १ लाख लोकांमागे सुमारे ९ जणांना त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत बडोद्याची वस्ती १६ लाखांच्या वर होती. त्या हिशेबाने मर्यादा काटेकोर पाळूनही ही संख्या १४० च्या आसपास जाते. ब्रिटनने स्वतःसाठी ०.२५ नॅनोग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले ते याच कारणाने. आपण त्याहून चौपट सैल मर्यादा स्वीकारली आहे. निदान ती ओलांडली जाते की नाही, हे तरी आम्हाला कळायला हवे.

दुसरी तक्रार खर्चाच्या दिशेविषयी आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाचा निधी मिळाला, त्यात आपले शहरही आहे. पण प्रगती मोजायची ती पीएम १० या जाड्याभरड्या धुळीच्या आकड्यावर. त्यामुळे रस्त्यावर पाणी मारणारे टँकर, झाडणारी यंत्रे, दुभाजकांवरची हिरवळ, कडेचे पेव्हर ब्लॉक यांवर भर पडतो. धूळ कमी व्हावी हे मलाही हवे आहे. तरी हे पदार्थ प्रामुख्याने बारीक कणांवर, पीएम २.५ आणि त्याहून सूक्ष्म काजळीवर बसतात. रस्त्यावर पाणी मारल्याने माती खाली बसते. रात्री दहा वाजता जळणाऱ्या टायरच्या धुरातले बेन्झो-ए-पायरीन खाली बसत नाही. पीएम १० चा आकडा उतरला म्हणून आपण अभिनंदन स्वीकारावे आणि त्याच वर्षी हवेतले विष वाढलेले असावे, असे होऊ शकते, आणि मोजणी नसल्याने ते झाले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरी तक्रार गाळाची आहे, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हवेविषयी निदान कायद्यात एक आकडा तरी आहे.

हे पदार्थ पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. रस्त्यावर सांडलेले ऑइल, टायरची झीज, गॅरेजमधले वापरलेले इंजिन ऑइल, धुराची काजळी, हे सारे पहिल्या पावसात कांसेत येते, चिखलाच्या कणाला चिकटते आणि तळाशी बसते. तिथे ऊन नाही, हवा नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. नदीचे वरचे पाणी तपासून ‘मर्यादेत’ असा शेरा मारता येतो आणि तळाशी मात्र साठा वाढत राहतो. पावागडच्या डोंगरातून येणारी विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते, आणि शहरातल्या कांसा तिलाच मिळतात. तिच्या काठावर माणसांच्या इतक्या जवळ मगरी राहतात याचे आपल्याला कौतुक आहे. त्या मगरी ज्या चिखलात अंडी घालतात आणि ज्या माशांवर जगतात, त्या चिखलात काय आहे हे तपासलेला एकही अहवाल माझ्यासारख्या नागरिकाला सहज पाहता येत नाही.

आणि गाळ नदीतच राहिला असता तर एक वेळ निराळी गोष्ट होती. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तो आमच्या घरांत आला. कारेलीबागेत माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात वीतभर काळा चिखल होता. आम्ही सर्वांनी तो फावड्याने आणि उघड्या हातांनी काढला, आणि बहिणीच्या सुनेच्या हातांवर नंतर कितीतरी दिवस पुरळ होते. ते कशाने आले हे मी सांगू शकत नाही, कारण त्या चिखलाचा नमुना तेव्हा कोणी घेतला नाही, मीही घेतला नाही, आणि याची मला आजही खंत वाटते. त्या पुरानंतर २०२५ साली विश्वामित्रीचे पात्र रुंद करण्याचे आणि गाळ उपसण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ते काम आवश्यकच होते, पुराचे हाल भोगलेल्या कोणीही त्याला नाव ठेवणार नाही. माझा प्रश्न उपसलेला गाळ गेला कुठे, आणि जाण्यापूर्वी त्याची तपासणी झाली का, एवढाच आहे.

गाळ तपासला की त्यातून उगमही सांगता येतो, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. या पदार्थांचे आपसांतले प्रमाण बोलते. अँथ्रॅसीन आणि फिनँथ्रीन यांच्या बेरजेत अँथ्रॅसीनचा वाटा ०.१ पेक्षा कमी निघाला तर न जळलेल्या तेलाच्या गळतीकडे संशय जातो. फ्लुओरँथीन आणि पायरीन यांच्या बेरजेत फ्लुओरँथीनचा वाटा ०.५ च्या वर गेला तर लाकूड, गवत किंवा कोळसा जळलेला असतो, ०.४ ते ०.५ च्या मध्ये असेल तर इंजिनात जळलेले द्रव इंधन. उन्हापावसाने ही प्रमाणे थोडी बदलतात, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. पण कांसेच्या दहा ठिकाणचे नमुने ओळीने तपासले तर कोणत्या वळणानंतर आकडा उडी मारतो हे दिसतेच, आणि मग त्या वळणावरचे गॅरेज, भंगारवाला की कारखान्याची नाली, हे शोधणे पोलिसी काम राहत नाही, पायी चालत जाऊन पाहण्याचे काम होते. अमेरिकेतील ऑस्टिन शहराने ओढ्यांच्या तळाचा असाच माग काढला, तेव्हा वाहनतळांवर फासल्या जाणाऱ्या कोळसा-डांबराच्या लेपावर बोट आले, आणि २००६ पासून त्या शहरात तो लेप बंद झाला.

आपल्याकडे तुलनेला आकडा नाही, असे कोणी म्हणेल. कॅनडाने गोड्या पाण्याच्या गाळासाठी बेन्झो-ए-पायरीनची सावधगिरीची पातळी किलोमागे ३१.९ मायक्रोग्रॅम आणि जीवसृष्टीला बहुधा इजा होईल अशी पातळी ७८२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. सुरुवातीला हे आकडे समोर धरून काम करता येईल. शिवाय जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम अधिसूचित झाले आहेत. संशयित जागांची यादी करून ती दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवण्याचे काम त्यांत स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांच्यावर आहे. आमच्या मागचा प्लॉट त्या यादीत घालण्याइतका संशय मी या पत्रात नोंदवते आहे.

चौथी तक्रार रोजच्या आगींची. हिवाळ्यात रात्री हवा खाली दबून राहते, धूर वर जात नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत शहरात सर्वांत जास्त आगी पेटतात. मोकळ्या प्लॉटवरचा कचरा, तांब्यासाठी जाळलेल्या वायरी, सोसायटीच्या फाटकाशी चौकीदाराच्या शेकोटीत टाकलेला टायरचा तुकडा. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावरील जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. चौकीदाराकडून ५,००० रुपये वसूल करा असे मी म्हणत नाही. बारा तास थंडीत बसणाऱ्या माणसाला खोली, ब्लँकेट आणि विजेची शेगडी देणे हे सोसायटीचे काम आहे, आमच्याही सोसायटीने ते यंदा प्रथमच केले, आणि त्याचा खर्च घरटी शंभर रुपयेसुद्धा आला नाही. दंड व्हायला हवा तो ज्याच्या प्लॉटवर महिनोन् महिने कचरा जळतो त्या मालकाला.

रस्त्याच्या कामाविषयी एक गैरसमज दूर करते. आपण ज्याला डांबर म्हणतो ते आता बिट्युमेन असते, पेट्रोलियमपासूनचे. जुन्या कोळशाच्या डांबराच्या मानाने त्यात हे पदार्थ फार कमी असतात. म्हणून डांबरी रस्त्याला घाबरण्याचे कारण नाही. घाबरण्यासारखी आहे ती डांबराच्या पिंपाखालची आग. किरकोळ डागडुजीच्या वेळी पिंप तापवायला जुने लाकूड, रबर, प्लॅस्टिक, हाताला येईल ते घातले जाते, आणि त्या धुरात दाहोद, पंचमहालकडून आलेले बायाबापे तोंडाला ओढणीचा पदर किंवा गमछा बांधून दिवसभर उभे असतात, त्यांची लहान मुले रेतीच्या ढिगावर असतात. माझ्या वडिलांना निदान रेल्वेचा दवाखाना होता. या लोकांना कंत्राटदाराच्या वहीत आडनावसुद्धा नसते. श्वासातून शरीरात गेलेल्या या पदार्थांचा अंदाज लघवीतल्या एका घटकावरून, १-हायड्रॉक्सीपायरीनवरून, करता येतो. ती तपासणी या कामगारांची सर्वांत आधी व्हायला हवी.

उद्योगांविषयी थोडक्यात. १९६५ पासून शहराच्या वायव्येला रिफायनरी आहे, मग खत आले, पेट्रोकेमिकल आले, नंदेसरीची औद्योगिक वसाहत आली. या उद्योगांनी माझ्यासह हजारो घरांना पोसले आहे आणि मी कोणत्याही एका कारखान्याकडे पुराव्याशिवाय बोट दाखवणार नाही. बोट दाखवायचे आहे ते मानकाकडे. रिफायनरीच्या सांडपाण्यासाठी २००८ साली केंद्राने बेन्झो-ए-पायरीनची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम ठेवली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या संपूर्ण कुटुंबाची मर्यादा ०.०००१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे दोन हजारपट कमी. सांडपाणी कोणी पीत नाही, म्हणून फरक असणारच. पण शुद्ध पाण्यात हा पदार्थ लिटरमागे जेमतेम ०.००४ मिलिग्रॅम विरघळतो. जेवढा पाण्यात मावतच नाही त्याच्या पन्नासपट मर्यादा घालून दिल्यावर ती मोडणार कोण? १९८३ पासून आपल्या उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्याने मही नदीच्या मुखाकडे जाते. त्या टोकाला मासेमारी करणाऱ्या गावांना पाण्याचा नव्हे तर गाळाचा अहवाल मिळायला हवा.

माझ्या मागण्या अशा आहेत. येत्या १ एप्रिलपासून शहरात किमान तीन ठिकाणी, वायव्येच्या औद्योगिक पट्ट्यात, जुन्या शहरातल्या वाहतुकीच्या चौकात आणि दक्षिणेच्या वस्तीत, बेन्झो-ए-पायरीनसह सोळाही पदार्थांची वर्षाला १०४ दिवस मोजणी सुरू व्हावी आणि प्रत्येक महिन्याचे आकडे, नमुना घेतल्याच्या तारखेसह, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत जाहीर व्हावेत. यंत्रे आणि माणसे कमी असतील तर महाराजा सयाजीराव विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना हे काम रीतसर मानधनावर द्यावे. जोपर्यंत हे आकडे नाहीत तोपर्यंत कोणत्याही लेखी उत्तरात या पदार्थांविषयीच्या प्रश्नाला निर्देशांकाची श्रेणी हे उत्तर म्हणून देऊ नये.

२०२४ पासून नदीतून आणि कांसांतून उपसलेला गाळ कुठे कुठे टाकला, त्या जागांची यादी तीस दिवसांत प्रसिद्ध व्हावी. शाळा, मैदाने, बागा आणि वस्तीलगतच्या जागांवरचे नमुने पावसाळ्यापूर्वी तपासले जावेत, आणि या उन्हाळ्यात तपासणीशिवाय एकही डंपर वस्तीत रिकामा होऊ नये. आमच्या मागच्या प्लॉटला निकाल येईपर्यंत कुंपण घालावे. मुलांना खेळायला दुसरी जागा द्यावी, ही विनंती त्याच वाक्यात जोडते, कारण नुसते कुंपण घातले तर ती उडी मारून आत जातील.

रस्त्याच्या प्रत्येक कंत्राटात पिंप तापवण्यासाठी गॅसचा किंवा डिझेलचा बर्नर सक्तीचा करावा आणि टायर जाळताना आढळल्यास बिल अडवावे. कचरा जाळल्याच्या दंडाची प्रभागवार माहिती दरमहा द्यावी. आणि सांडपाण्यातल्या ०.२ च्या मर्यादेचा फेरविचार व्हावा असे पत्र राज्याकडून केंद्राकडे जावे. त्या पत्राची प्रत आम्हाला पाहायला मिळावी.

यांतल्या कोणत्याही मागणीला नवा कायदा लागत नाही. १८९० च्या दशकात या शहराने आजव्याचा तलाव बांधून नळाने पाणी आणले, तेव्हा घराघरांतल्या विहिरींच्या पाण्यावर विसंबून राहू नये हे लोकांना पटवावे लागले होते आणि ते पटवले गेले. आजच्या लोकांना काही पटवावे लागणार नाही, फक्त आकडे दाखवावे लागतील.

शेवटी एक कळवते. प्लॉट सपाट होण्यापूर्वी मी त्या गाळाचे चार नमुने घेतले. तपकिरी काचेच्या, द्रावकाने धुतलेल्या बाटल्यांत, वर फॉइल लावून, तारीख, वेळ आणि जागेचा नकाशा लिहून ते माझ्या घरी फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. त्यांना कायदेशीर मोल नाही हे मला ठाऊक आहे; नमुना घेताना दोन्ही बाजूंची माणसे हजर असावी लागतात. म्हणून आपला अधिकारी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस यांनी यावे, त्याच जागी पुन्हा खणावे, नमुन्याचे दोन भाग करावेत आणि एक भाग सीलबंद करून आम्हाला द्यावा. खणायला फावडे आणि बसायला खुर्च्या सोसायटी देईल. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल, कारण रविवारी सकाळपासून तिथे मुले असतात.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा-विश्लेषक
मांजलपूर, बडोदे